चर्चच्या नळाचं कुलूप

उंब्रजपासून आत सहा किलोमीटर गेलं की एक गाव लागतं. गावाच्या खालच्या अंगाला ख्रिस्ती मंडळीची चाळीसेक घरं, दगडी भिंतींचं बुटकं चर्च आणि चर्चच्या मागं कब्रस्तान. जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. या वस्तीत दुर्कसबाई आवळे राहतात. वय एकाहत्तर. मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळं लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणतात.

सिस्टरांचा राग वस्तीच्या चांगला ओळखीचा. बाळंतिणीला अर्धपोटी ठेवणाऱ्या सासवांची त्यांनी भर अंगणात हजेरी घेतलेली. बायकोवर हात टाकणाऱ्या एकाला उपासना संपायच्या आत सगळ्यांसमोर उभं केलेलं. लोक म्हणत, सिस्टर तापट आहेत, पण मन सोन्यासारखं. हे कानावर आलं की त्या आणखीच भडकत. "मन राहू द्या बाजूला. मी बोलले ते खरं हाय का न्हाई, तेवढं सांगा."

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ऊसतोडीची टोळी आली आणि चर्चला लागून असलेल्या पडीक रानात उतरली. उसाच्या पाचटाच्या बारा कोप्या, म्हणजे झोपड्या. माणसं बहुतेक आटपाडीकडची. चर्चच्या आवारात बोअर आहे, मोटर आहे, टाकीला नळ आहे. टोळीतल्या बाया फटफटायच्या आत यायच्या, घागरी भरायच्या आणि कोयते घेऊन फडावर जायच्या. सिस्टरांचं घर फाटकासमोरच. त्यातल्या संयोगिता नावाच्या पोरीशी त्यांची ओळख झाली. वय बावीस-तेवीस, अंगानं काटकुळी, कडेवर दोन वर्षांची मुलगी. मुलीचं नाव तनिष्का, पण सगळे तनू म्हणत. तनूला सिस्टरांचा चष्मा ओढायचा भारी नाद. सिस्टर तिच्या हातात राजगिऱ्याचा लाडू द्यायच्या आणि तेवढ्यात चष्मा सोडवून घ्यायच्या.

महिनाअखेरच्या रविवारी पिकांच्या उपकारस्तुतीचा सण होता. त्या दिवशी मंडळीतला प्रत्येकजण आपल्या रानातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवतो. त्या वर्षी कोल्हापूरहून मोठे पाहुणे यायचे होते. त्याची सगळी तयारी लालासाहेबांच्या अंगावर. लालासाहेब चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीचे सचिव. चर्चचं आवार त्यांनी उभं राहून बांधून घेतलं, रंग दिला, माइक आणला. माणूस राबणारा, पण राबता राबता चर्च त्यांना स्वतःच्या घरची पडवी वाटायला लागलं होतं. सोमवारी सकाळी त्यांनी मोटरच्या खोलीला कुलूप घातलं आणि फाटकाला साखळी लावली.

बाया रिकाम्या घागरी घेऊन परत गेल्या. सिस्टर तशाच पायात चपला सरकवून लालासाहेबांच्या दारात गेल्या.

"कुलूप का घातलं?"

"आवं सिस्टर, किती घाण करत्यात बघा की. नळापाशी चिखुल झालाय नुस्ता. कापडं धुत्यात, पोरं कुठंबी बसत्यात. रविवारी पावणं येणार. पाच-सा दिवसांचा तर प्रश्न हाय."

"पाच-सहा दिवस पाणी प्यायचं न्हाई त्यांनी?"

"वढा हाय की खाली."

"ओढ्यात रानातलं औषधाचं पाणी उतरतंय लालासाहेब. जनावरं धुतात तिथं."

"मुकादमानं बगावं ते. आमी काय टोळी आणली न्हाई."

"तुमच्या तीन एकरातला ऊस कोण तोडणार हाय?"

लालासाहेब घरात वळले. चावी त्यांनी दिली नाही.

सिस्टरांना सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर ती विहीर. चर्चच्या आवारात एक जुनी विहीर आहे, आता लोखंडी जाळीनं झाकलेली. बोअर तिच्याच कडेला मारलंय. ती विहीर सिस्टरांच्या सासऱ्यांनी, येसबा आवळ्यांनी, आणखी चौघांना घेऊन खणली होती. कारण गावच्या आडावर या वस्तीच्या माणसाला घागर बुडवता येत नव्हती. वरून कुणी पाणी वाढलं तर ओंजळीत घ्यायचं, नाहीतर तहानलेलं परत यायचं. त्या चौघांत लालासाहेबांचे आजोबाही होते. ज्याच्या आज्यानं हाताला फोड येईपर्यंत पहार चालवली, तो नातू आज पाण्याला कुलूप घालतो, हे सिस्टरांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्यांनी पाळकांना फोन केला. पाळक तरुण, कऱ्हाडला राहायचे, दर दुसऱ्या रविवारी उपासना घ्यायला यायचे. "बाई, मी लालासाहेबांशी बोलतो. सणाच्या तोंडावर वाद नको," म्हणाले. पंचमंडळीतल्या आणखी दोघांना त्या भेटल्या. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं चहा दिला. सिस्टरांच्या स्वतःच्या नळाला एक दिवसाआड अर्धा तास पाणी. त्यातल्या चार घागरी त्या कोप्यांवर देऊ लागल्या. बारा कोप्यांत चार घागरी.

गुरुवारी दुपारी संयोगिता पळत आली. तनू तिच्या खांद्यावर पडली होती. "सिस्टर, काल सांजंपासनं वकतीय, खालनंबी जातंय. आता डोळंच उघडंना."

सिस्टरांनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. साखर-मिठाचं पाणी ओठाला लावलं तर ते कडेनं वाहून गेलं. सिस्टरांनी रस्त्यावर जाऊन एक टेम्पो अडवला. उंब्रजच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं सोडून पोरीला हातात घेतलं, पण सलाईन लावायला शीर सापडेना. सिस्टरांनी स्वतः डोक्याची शीर शोधून दिली. असल्या किती पोरांना त्यांनी सुई लावली असेल याचा हिशेब नव्हता. सुई लागली, पाणी चढायला लागलं, आणि अर्ध्या तासात तनू गेली.

संयोगिता रडली नाही. तिनं पोरीच्या तोंडावरचे केस मागं सारले आणि विचारलं, "आता हिला न्यायची कुठं?"

खरा पेच तोच होता. आटपाडी लांब. मुकादम म्हणाला, इथंच उरकून घ्या, उद्या फड चालू आहे. ज्याच्या रानात कोप्या होत्या तो म्हणाला, माझ्या रानात नको. तनूचा बाप अर्जुना पोरीला टॉवेलात गुंडाळून रस्त्याच्या कडेला बसून राहिला.

"आपल्या कब्रस्तानात," सिस्टर म्हणाल्या.

लालासाहेब तोवर तिथं आले होते. चेहरा उतरलेला. तरी म्हणाले, "सिस्टर, वाईट झालं. पर बाप्तिस्मा न्हाई झालेला. नियमात बसत न्हाई. उद्या कुणीबी म्हणंल..."

"तुमच्या रजिस्टरात आमच्या मालकांच्या, दानिएल मास्तरांच्या शेजारची जागा कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मग ती माझी. तिथं कुणाला घ्यायचं ते मी ठरवणार."

"आन तुमाला?"

"मला टाका वढ्यात. चालतंय की तुमाला वढा."

कुणी पुढं झालं नाही. अर्जुनानं पहार घेतली, सिस्टरांनी फावडं. एकोणसत्तर वर्षांच्या बाईचा दम दहा फावड्यांत सुटला, तेव्हा टोळीतल्या दोघींनी त्यांच्या हातातून फावडं काढून घेतलं. दिवस मावळायच्या आत माती लोटली. संयोगितानं वर हळद-कुंकू वाहिलं. सिस्टरांनी मनात प्रार्थना करायला डोळे मिटले, पण शब्द आले नाहीत. आला तो राग. लालासाहेबांवर, मुकादमावर, चहा देणाऱ्या पंचावर. आणि स्वतःवर सगळ्यात जास्त. चार दिवस आपण दारोदार बोलत हिंडलो. एक दगड घेऊन कुलूप का फोडलं नाही?

रविवारी चर्च भरून गेलं. वेदीच्या दोन्ही बाजूंना उसाची कमान, पुढं ज्वारीची कणसं, भोपळे, हळदीचे गड्डे. पाहुण्यांसाठी टेबलावर पाण्याचा तांब्या आणि पेले मांडलेले. कुलूप अजून तसंच होतं. अर्पणाची वेळ आली, माणसं रांगेनं पुढं जायला लागली. सिस्टरही उठल्या. पांढरं लुगडं, हातात प्लास्टिकची बाटली. बाटलीत पिवळसर गढूळ पाणी.

पुढं जाऊन त्यांनी टेबलावरचा एक पेला उचलला, त्यात ते पाणी ओतलं आणि लालासाहेबांसमोर धरला.

"माझ्या रानात काय पिकत न्हाई. हे तेवढं हाय. वढ्याचं. प्या."

गाणं थांबलं. पेटीवाल्याची बोटं तशीच राहिली.

"सिस्टर, खाली बसा," लालासाहेब कुजबुजले. "पावणं हायत."

"तनिष्का बी पावणीच होती. हेच पाणी प्यायली. तुमी एक घोट घ्या. जमत नसंल तर पंचमंडळीतलं कुणीबी घ्या. का पाळक, तुमी घेताय?"

पाळकांनी खाली बघितलं. मग त्यांनी माइक ओढला आणि म्हणाले, "आपण पुढचं गीत उभं राहून गाऊ या."

सिस्टर म्हणतात, त्या क्षणी पोरीच्या मरणाइतकाच त्या गीताचा त्यांना संताप आला. माणसं खरंच उभी राहिली. खरंच गायला लागली. पण बायकांच्या बाजूला एक बाई मधूनच बाहेर पडली. ती लालासाहेबांची बायको, रंगुबाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दुसरं कडवं चालू असताना बाहेर मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. फाटकाची साखळी खळाळून पडली. रंगुबाई परत आत आल्या नाहीत. टोळीतल्या बायांच्या घागरी भरून संपेपर्यंत नळापाशी उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांना पंचमंडळीचं पत्र आलं. दोन गोष्टींचा जाब: उपासनेत व्यत्यय, आणि नियमाबाहेर दफन. महिला मंडळाच्या अध्यक्षपदावरून त्यांना सहा महिने दूर केलं. सिस्टर बैठकीला गेल्या आणि म्हणाल्या, "सहा न्हाई, कायमचं काढा. फक्त रजिस्टरात त्या पोरीचं नाव लिवा." लालासाहेबांनी 'बाहेरील मूल' असं लिहून ठेवलं होतं. सिस्टर उठेनात. दोन तास बसून राहिल्या. शेवटी पाळकांनीच पेन घेऊन तनूचं नाव, बापाचं नाव, वय आणि तारीख लिहिली. "बाई, त्या दिवशी मी चुकलो," ते हळूच म्हणाले.

"मला काय सांगताय?" सिस्टर म्हणाल्या. "कोपीवर जाऊन सांगा."

ते गेले. संयोगिता भाकरी थापत होती. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी उलटली.

नळ आता आवाराच्या भिंतीबाहेर काढलाय. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. ठरावाला पंचमंडळीतल्या तिघांनी विरोध केला. लालासाहेब कुठल्याच बाजूला हात वर न करता बसले. सिस्टर त्यांच्याशी बोलत नाहीत. रंगुबाई मात्र रोज पहाटे स्वतः मोटर लावतात आणि तासाचा दीड तास होऊ देतात.

यंदा टोळी पुन्हा आली, संयोगिताही आली. आल्या दिवशी ती कब्रस्तानात जाऊन बसली आणि तिथून सिस्टरांच्या ओट्यावर. सिस्टर तेव्हा ग्रामपंचायतीला अर्ज लिहीत होत्या. टोळ्यांना पिण्याचं पाणी आणि संडास द्यावेत म्हणून. आधीच्या दोन अर्जांना उत्तरच आलं नव्हतं.

"सिस्टर, तुमचा राग कमी झाला का वं?" संयोगितानं विचारलं.

"न्हाई."

"माजाबी न्हाई."

सिस्टरांनी अर्ज तिच्यापुढं सरकवला. संयोगिता आठवीपर्यंत शिकली होती. तिनं सगळा कागद ओठ हलवत वाचला, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाली, "हितं तनूचं नाव घाला," आणि पेन मागितलं.