आदी लवणीत, मंग तोंडाले

विहिरीच्या थारोळ्याशी, काळ्या दगडावर, तोंडाला पिवळं उटणं लावून बसलेली माझी थोरली बहीण... बालपण म्हटलं की मला आधी तीच दिसते. मार्गशीर्षातली कोवळी उन्हं, मोटेच्या पाण्यानं भिजलेल्या मातीचा वास आणि त्यात मिसळलेला आंबेहळदीचा उग्र-गोड गंध. उटणं वाळत आलं की हसायचं नसतं, कातडी ओढली जाते. म्हणून मी मुद्दाम तिच्यापुढे उभी राहून माकडासारखी तोंडं करायची आणि ती ओठ घट्ट आवळून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू दाबायची. मी नऊ वर्षांची होते. ती सतरा-अठराची असेल. तिचं नाव गोदा, पण आमच्याकडे थोरल्या बहिणीला ‘बाई’ म्हणत, म्हणून माझी ती बाईच.

आम्ही माळी. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, शिवेजवळ आमची फुलांची बाग होती — शेवंती, झेंडू, मोगरा आणि विहिरीच्या कडेनं देशी गुलाबाची एक रांग. उटण्याचं सगळं घरचंच. हरभऱ्याच्या डाळीचं बारीक पीठ, चिमूटभर आंबेहळद, सावलीत वाळवून कुटलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि कालवायला दुधावरची साय. पण त्याहून मोठा होता मायचा कायदा. उटणं पुरतं वाळायच्या आत धुवायचं, कोमट पाण्यानं, बोटांच्या टोकांनी. कोणी खसाखसा चोळलं तर माय ओरडायची, “तोंड हाय ते, गंज नोय घासाले!” गंज म्हणजे पातेलं. धुतल्यावर तिळाच्या तेलाचा एक थेंब, आणि लगेच उन्हात जायचं नाही. सगळ्यात वर एक नियम होता: नवं उटणं कालवलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, लवणीत, बोटभर लावायचं, धुवायचं आणि एक रात्र, एक दिवस थांबायचं. लाल झालं, खाजलं, तर ते उटणं गुरांच्या पाटीत. “आदी लवणीत, मंग तोंडाले. आन् ज्याचं तोंड, त्याची लवण,” असं माय म्हणायची. दुसऱ्याच्या कातडीवर आपला भरवसा ठेवायचा नाही, एवढंच तिला सांगायचं असे.

त्या वर्षांत कुठे सातासमुद्रापलीकडे लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. जो तो कापूस पेरत सुटला. आमच्या बानंही बाग मोडली. शेवंती गेली, मोगरा गेला, नांगर थेट विहिरीपर्यंत आला. गुलाबाची रांग तेवढी मायनं आडवी होऊन वाचवली. मग सगळीकडे पांढरंच पांढरं. वेचणीच्या दिवसांत कापसाचा तूस पापण्यांवर, केसांत, भाकरीच्या पिठात... बाई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या गालांवर बारीक लव उगवल्यासारखी दिसायची. फुलांचा वास घरातून कधी गेला ते मला कळलंच नाही; गोठ्यात रचलेल्या कापसाच्या पोत्यांचा कोंदट वास मात्र आठवतो.

त्या पोत्यांवर आमची खूण करायला बा बिब्ब्याची शाई करायचा. मेळघाटातून कोरकू बाया बाजाराला टोपल्या भरभरून काळेभोर बिब्बे आणत. त्यांचं तेल काढून, चुना घालून, एका करवंटीत खलायचं आणि काडीनं पोत्यावर उभं फुलाचं चित्र ओढायचं — बाग मोडली तरी खूण फुलाचीच होती. ती खूण सात धुण्यांत जात नाही. आणि बिब्बा अंगाला लागला तर उततो, म्हणजे कातडीवर फोड येतात, सूज येते, जागा काळी पडते. म्हणून ती करवंटी गोठ्याच्या वळचणीला उंच खोचलेली असायची. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती. एवढं सगळं मला ठाऊक होतं. ‘लेकरू होती, समजत नव्हतं’ असं म्हणून मला कोणी सोडू नये.

बाईचं लग्न लहानपणीच अकोल्यात झालेलं होतं, पण नांदायला ती गेली नव्हती. आधी सासू वारली, मग दीर आजारी पडला, मग बोलावणं लांबतच गेलं. तेवढ्यात कापसाच्या व्यापारात सासरचं बस्तान बसलं, आणि गावात कुजबुज सुरू झाली की आता त्या लोकांना माळ्याची पोर कशाला हवी?  बाई पितळी लख्ख घासली की तिच्यात स्वतःला न्याहाळायची, ते मी पाहिलं होतं. आणि एके दिवशी सकाळी निरोप आला — चौथ्या दिवशी मूळ येतं. म्हणजे तिला न्यायला सासरची माणसं येणार. माय चुलीपुढे बसून रडली, बानं उगाचच बैलांना थोपटलं. बाई वेचणीला निघताना मला हळूच म्हणाली, “माह्यं अंग तुसानं खाजून राह्यलं. तू उटणं कालव, आन् तुह्या लवणीत लावून पाह्य. मी उद्या लावतो.” ज्याचं तोंड त्याची लवण, हा नियम तिनं मोडला तो माझ्या भरवशावर. मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं!

आणि मी विसरले. अकोल्याच्या वाटेनं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, गाडीमागे गाडी. बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला कापूस वेचायला गावातली सारी पोरं धावली. मला बाहुलीची गादी भरायची होती. दिवस त्यातच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई शेतातून लवकर आली, तेव्हा मला आठवलं. उटण्याची दगडी वाटी स्वयंपाकघरात, मायच्या समोर. ती मागितली असती तर माय म्हणाली असती, आत्ता कालवतेस? काल काय केलंस? म्हणून मी गोठ्यात गेले, पोत्यावर चढले आणि ती करवंटी काढली. राखेनं घासली, तीनदा. तळ काळाच राहिला, पण करवंटी काळीच असते, असं मी स्वतःला समजावलं. त्यात मायच्या पाठीमागून हळूच आणलेलं पीठ, हळद, पाकळ्या, साय घालून दोन बोटांनी छान मऊ कालवलं. बाईनं करवंटी नाकाजवळ नेली. क्षणभर थांबली.

“काही वास येऊन राह्यला वं... लावून पायलं का?”

“हाव. कालच पायलं,” मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि लावलं. त्या दिवशी मी तोंडं केली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे गाल तांबडे झाले, संध्याकाळपर्यंत बारीक फोड उठले. चौथ्या दिवशी डोळे सुजून बारीक झाले, हनुवटीपर्यंत पाणी भरलं. मायनं खोबरं वाटून थापलं, कोथिंबिरीचा रस लावला आणि मला बाजूला ओढून विचारलं, “खरं सांग, वाटी कोनती घेतली?”

“दगडाची,” मी म्हणाले. माझ्याही दोन बोटांच्या कडांना फोड आले होते. हात पाठीमागे धरला होता.

दुपारी छकडा आला. नवऱ्याचा काका आणि एक म्हातारी आत्या. गूळ-पाणी झालं. बाई पदर पुढे ओढून पाया पडली, आत्यानं पदर सारला आणि हात झटकन मागे घेतला. “हे काय हाय? रक्तपिती तं नाई?” मायनं बाईचा पदर पुन्हा पुढे ओढला. रक्तपिती म्हणजे महारोग. तो शब्द घरात पडला. मी दाराच्या आड, चार हातांवर उभी होते. ‘बिब्बा उतला’ — दोनच शब्द. वऱ्हाडात बिब्बा कोणाला ठाऊक नाही? म्हातारी हसली असती, पंधरा दिवस मुक्काम केला असता, बाईला घेऊन गेली असती. पण मग करवंटी निघाली असती, लवण निघाली असती, माझं ‘हाव’ निघालं असतं. मी गप्प राहिले. “बरं वाटलं का धाडून द्या,” असं म्हणत काका उठला. ज्याला पुन्हा यायचं नसतं तो असाच गोड बोलतो. छकड्याच्या घुंगरांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

महिन्याभरात बाईचा चेहरा निवळला, पूर्वीसारखा स्वच्छ झाला... पण चेहऱ्यापेक्षा बोलणं लांब जातं. बा दोनदा अकोल्याला जाऊन आला. दुसऱ्या खेपेला कळलं की जावयानं दुसरी केली. गावातल्या बाया हळहळून म्हणायच्या, “चांगल्या पोरीच्या संसारात कोनं बिब्बा घातला असंल वं!” कोणाचं जमत आलेलं मोडणाऱ्याला आपल्याकडे असं म्हणतात. त्यांना ती नुसती म्हण होती. मी ती ऐकली की उठून परसात जायची.

पुढे लढाई संपली, कापूस उतरला, बानं पुन्हा शेवंती लावली. माझं लग्न एका शाळामास्तराशी झालं, त्यांनीच मला अक्षरं शिकवली. बाई माहेरीच राहिली. बाजारात फुलं विकली, मायबापाचं केलं, माझी तीन बाळंतपणं काढली आणि माझ्या पोरींना तिनंच उटणी लावली — आधी लवणीत, मग तोंडाला. स्वतःला मात्र तिनं पुन्हा कधी काही लावलं नाही, साधी हळदसुद्धा नाही. तोंड राखेच्या रंगाचं होत गेलं, आणि मी ते चाळीस वर्षं पाहिलं.

ती तापानं अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, “बाई, मी त्या दिवशी लावून पायलं नव्हतं. करवंटी बिब्ब्याची होती.”

तिनं डोळे उघडले नाहीत. “मले ठाऊक हाय. वास आला होता नं.”

“मंग लावलं काहून?”

“तू हाव म्हनली होती.”

रागानं नाही, अगदी सरळ म्हणाली. चार दिवसांनी ती गेली.

उजव्या हाताच्या दोन बोटांच्या कडांना अजून काळसर डाग आहेत. लिहिताना तेच समोर येतात. घरात आता नाती आहेत, सणाला उटणं कालवतात, आणि आजीची कटकट म्हणून हसतात. हसोत. “लावून पाहिलं का?” म्हणून मी विचारते, आणि कोणी चटकन हो म्हणतं. मग मी, इतकी वर्षं पुस्तकी बोलणारी बाई, माझ्याही नकळत आमच्या विहिरीवरचं बोलते —

“हाव नोको म्हनू, बाई. बाही वर कर. दाखव.”