ऑकलंडचा सेमिसी

आमच्या टोंगात रविवारी कमाईचं काम करणं गुन्हा आहे. पहाटे जमिनीतली भट्टी पेटवायची, चर्चला जायचं, येऊन अळूच्या पानांत बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं लू खायचं आणि ताणून द्यायची. सेमिसीला मात्र देवाने सुरेल गळा दिला, ऑकलंडची नोकरीही दिली आणि दोन्हींची गाठ रविवारी सकाळीच घालून दिली.

नोकरी घरबसल्या वीजग्राहकांच्या तक्रारी ऐकायची. अट एकच, माणूस ऑकलंडात राहणारा हवा. सेमिसीने संगणकात काहीतरी बसवून घेतलं आणि कंपनीला तो ऑकलंडात दिसू लागला. सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर कंपनीने रविवारची पाळी लावली. पडसं झाल्याचं सांगून त्याने चर्च बुडवलं. त्या दिवशी चर्चच्या गाण्यातलं त्याचं एकट्याचं कडवं कुणीच म्हटलं नाही. ते आधी त्याचा बाप म्हणायचा, त्याआधी आजा. सेमिसीचा जीव होता त्या कडव्यावर.

चर्च सुटल्यावर चुलता मोसेसे आजाऱ्याला बघायला आला. मोसेसे आमचा हवालदार आणि चर्चच्या गाणाऱ्यांचा म्होरक्याही. आजारी माणूस कानाला हेडफोन लावून कुणाची तरी बिलावरून समजूत काढत होता.

सेमिसी डगमगला नाही. ठिकाण लपवणं गुन्हा नाही, असं त्याने वकिलाला विचारून ठेवलं होतं. शिवाय काम ऑकलंडात होतंय, तेव्हा इथला रविवार त्याला लागूच नाही, असंही त्याने ऐकवलं.

"बरोबर आहे बाबा तुझं," मोसेसे म्हणाला. "ऑकलंडातल्या माणसाला मी कसा धरणार? जा, गुन्हा नोंदवत नाही."

सेमिसीचा जीव भांड्यात पडला.

"पण मग तुझं कडवं फोलाऊ म्हणेल. ऑकलंडातून तुझा आवाज कसा पोचायचा?"

फोलाऊ म्हणजे मोसेसेचाच मुलगा, आजवर मागच्या रांगेत उभा राहणारा.

"काका, थट्टा पुरे."

"थट्टा कसली? तूच सांगितलंस कुठे असतोस ते. परत आलास की कळव." आणि जाताना त्याच्या वाटचं लूही खाऊन गेला.

नोकरी सोडणं सेमिसीला परवडणारं नव्हतं. पुढच्या रविवारी तो पाळीवर बसला. चर्च त्याच्या खिडकीसमोरच. फोलाऊ इतका छान गायला, की बाकावर बसल्या बसल्या मला सेमिसीचं वाईट वाटलं. पुढचं त्याच्या बायकोने, लुपेने सांगितलं. फोनवरची बाई बिलाचं विसरून ऐकत राहिली. म्हणाली, "किती गोड गातंय कुणीतरी. कुठे चाललंय हो हे?"

सेमिसीने उठून खिडकी लावून घेतली.

"इथेच," तो म्हणाला. "ऑकलंडात."