चाँदभाई मिस्त्री आणि मुके रेडिओ

दुरुस्त झालेला रेडिओ मालक घेऊन जायचा, पण त्याच्यासंगं आलेला किस्सा दुकानातच टाकून जायचा! असले बेवारस किस्से माझ्या डोक्यात लई साचलेत. दुकान कळंबच्या बाजारात, चाँदभाई मिस्त्रीचं. म्या तिथं तारांना कथलाचा डाग द्यायचो. शाळा दुसरीपातूर. बघितलं तेवढंच सांगतो, पटलं तर घ्या.

*

दसरा झाला की खरखर करणारे सेट रांगेनं यायचे. एका पाटलाचा उघडला तर आत हळद-कुंकू, अक्षता, वर नारळाचं पाणी!

"पूजा केली न्हवं," पाटील म्हणला.

चाँदभाई ब्रशनं झाडत म्हणला, "पाटील, देव लई भरलाय आत. थोडा कमी करतो!"

*

एक हॉटेलवाला आला. "दोन चापट्या हाणल्या की बोलतो बघा."

"चोर हाये का तो? जागा सुटलीय त्याची!" चाँदभाईनं मागून हात घातला, ढिला व्हॉल्व्ह, आतली काचेची नळी, अंगठ्यानं दाबला. सेट गायला लागला. चापट हाणायला उचललेला हॉटेलवाल्याचा हात तसाच हवेत राहिला.

*

निजामी जाऊन पाच-सात वर्सं झाली व्हती. पंचायतींना सरकारी रेडिओ आले, ते बघायचं काम चाँदभाईकडं. त्यावरच घरची चूल. अन् नेमके तवाच त्याचे कान गेले! रेडिओचा मिस्त्री अन् बहिरा! सरकारी हापिसात कळलं असतं तर काम गेलंच. माहीत फक्त मला. गिऱ्हाईक बोललं की तेच म्या चाँदभाईच्या तोंडापुढं उभं राहून वरडायचो. वरडलं की तोंड मोठं उघडतं, अन् तो माझ्या व्हटांवरनं वळखायचा.

"ह्यो कशाला वरडतो?" लोक इचारायचे.

"माझा गळा, माझी मर्जी!"

*

उन्हाळ्यात एका गावच्या चावडीतला सेट नुसता पुटपुटायला लागला. बॅटरी नवी, एरियल ताठ. म्या दोन तास पेटी उचकटत बसलो. चाँदभाई आत आलाच न्हाय. अर्थिंगची तार भिंतीमागं जमिनीत गाडलेली, तिथली कोरडीठाक माती त्यानं चिमटीत चुरली.

"दोन घागरी पाणी ओता इथं."

"रेडिओला तहान लागती व्हय?" सरपंच हसला.

ओतलं. आतून बाजारभाव असे खणखणीत आले की बसलेली माणसं उभी राहिली! दुसऱ्या दिवसापासून बाया तिथं तांब्या ओतून हात जोडायला लागल्या. येड्या म्हणा. म्याबी जोडले.

*

शेवटी मिस्त्री बहिरा हाये अशी कुणीतरी कागाळी केलीच. हापिसातला साहेब आला, चालू सेट पुढ्यात ठेवला. मला म्हणला, "तू तोंड बंद ठेव." मग चाँदभाईला बोटानं खूण केली, सांग काय बिघाड ते.

चाँदभाईनं पेटीवर तळहात टेकला, डोळे मिटले.

"डाव्या अंगाला थरथर जादा हाये. स्पीकरचा कागद कडंनं सुटलाय."

साहेबानं उघडून बघितलं. नखाएवढा सुटलेला! मला तर ऐकूनबी कळलं नव्हतं!

मग साहेब चाँदभाईच्या पाठीमागं जाऊन म्हणला, "मिस्त्री, पान खाणार का?"

चाँदभाई हलला न्हाय. साहेबानं माझ्याकडं बघितलं. म्या आढ्याकडं.

साहेब फिरून त्याच्या म्होरं आला. त्याचा तोच हात धरला, आपल्या छातीवर टेकवला अन् सावकाश म्हणला, "काम तुमच्याकडंच राहील."

चाँदभाईनं हात तसाच ठेवला. डोळे मिटले.

"साहेब," तो म्हणला, "कफ लई साठलाय तुमच्या छातीत."