भांड्यांच्या दुकानातला बेस

एका नवरीच्या हंड्यावर मी ‘मामाकडून सप्रेम धुम्म’ असं कोरून दिलं, हे चौसाळ्यातल्या काही लोकांच्या अजून लक्षात आहे. कोरायचं होतं ‘सप्रेम भेट’. ‘सप्रेम’पर्यंत हात नीट चालला. पण सकाळपासून डोक्यात एकच आवाज घुमत होता, तो ‘भेट’च्या आधी मशीनच्या टोकातून खाली उतरला. अक्षर मात्र सुबक आलं होतं.

दोन तासांनी मामा हंडा खांद्यावर घेऊन परत आले.

“शेठ, हे धुम्म कोण हाय?”

मी वाचलं आणि फडक्यानं अक्षर पुसून पाहिलं.

“आमच्यात धुम्म आडनावाचं कुणी न्हाई. पाव्हण्यांत बी न्हाई. मी इचारून आलो.”

“चुकून पडलं मामा. त्याच्यावर वेल काढून देतो.”

मी ‘धुम्म’वर द्राक्षाचा घोस काढला, दोन पानं काढली. मामांनी हंडा उन्हाकडे धरून निरखला. “सप्रेम द्राक्षं,” ते म्हणाले, “चालतंय. लग्नात वाचतंय कोण!”

त्या दिवसांत माझं असं बरंच काही बिघडत होतं, कारण चाळिशीला टेकल्यावर मला बेस तयार करायचा नाद लागला होता. केबल टीव्ही येऊन जुना झाला होता आणि मोबाईल अजून फक्त डॉक्टरांच्या कमरेला दिसायचा, तो काळ. आदल्या उन्हाळ्यात एका लग्नात मी पहिल्यांदा स्पीकरांनी भरलेला टेम्पो पाहिला. पाहिला म्हणजे काय, पोटात घेतला. तोवर माझी समजूत होती की गाणं कानानं ऐकायचं असतं. त्या टेम्पोचा आवाज सरळ बरगड्यांतून आत शिरला आणि नुकत्याच खाल्लेल्या बुंदीला नाचवून गेला. बाकीचे गाण्यावर नाचत होते. मी टेम्पोला टेकून उभा राहिलो आणि विचार करत राहिलो, की हा खालचा आवाज, हा बेस, माणूस बनवतो कशानं?

कॉम्प्युटर दुकानात होताच. बिलं छापायला घेतला होता. अंबाजोगाईच्या एका क्लासवाल्यानं संगीत करायच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली. ती सुरू केली की पडद्यावर पन्नास-साठ बटणं यायची, सगळी गोल, सगळ्यांवर इंग्रजी. नवी सून मिठाच्या बाबतीत जशी घाबरत घाबरत जाते तसं जायला हवं होतं. मी सगळी बटणं उजवीकडे शेवटपर्यंत फिरवली. पहिला बेस डासासारखा आला. दुसरा पिठाच्या गिरणीसारखा. मग कटऑफ नावाचं बटण सापडलं. ते डावीकडे वळवलं की आवाज डोक्यावरून गोधडी घेतो, एवढं मला कळलं, आणि मी त्याला गोधड्यांवर गोधड्या घातल्या. तेव्हा तिसरा बेस आला. तो वाजत असताना एक धनगर गिऱ्हाईक चरवी घ्यायला आलं होतं.

“शेठ, म्हैस गाभण हाय का?”

“कॉम्प्युटर हाय.”

त्यानं मान डोलवत थोडं ऐकलं. “मंग डॉक्टरला दाखवा. लई लांबलंय.”

शेवटी गाडी रुळावर आली ती नाव कोरायच्या मशीननं. ते मशीन हातात धरलं की घर्रर्र करतं. एक दिवस त्याच्यासमोर माईक धरून तो आवाज मी कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि चौपट सावकाश केला. लाकडी पेटीतला मोठा स्पीकर मी ताटांच्या मांडणीखाली ठेवलेला होता, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. बटण दाबलं.

धुम्म. आणि त्याच्या मागोमाग झर्रर्र.

काय सांगू तो आवाज! जाड, काळा, कडेनं चकाकणारा. ढगानं चांदीची किनार नेसावी तसा. मी परत दाबलं. मागच्या स्वयंपाकघरातून बायको पिठाचे हात घेऊन धावत निघाली ती मला ओलांडून सरळ रस्त्यावर. शेजारचा शिंपीही बाहेर येऊन उभा होता, गळ्यात टेप तसाच. आमच्या भागात मांडणीवरची ताटं वाजली की माणसं आधी बाहेर पळतात आणि मग विचार करतात. का, ते भूकंपाच्या त्या रात्रीनंतर इथं कुणाला सांगावं लागत नाही.

“मी हाय, मी हाय,” मी उंबऱ्यातून ओरडलो. “बेस हाय!”

बायको पीठ झटकत आत आली. “अवो, सांगत तर जावा! रोज किती वाजता धरणी हलवनार ते पाटीवर लिहून लावा भाईर.”

मी खरंच पाटी लावली. ‘दुपारी दोन ते तीन बेस चालू राहील. घाबरू नये.’

महिनाभर मी त्या आवाजावर कष्ट घेतले. अमुक सुरावर ताटं जास्त खुलतात, तमुकवर गुमसुम होतात, असं करत करत मी बेस इतका खाली नेला की झर्रर्र अगदी रेशमी यायला लागली. ही कमाल आपल्या हाताची, असं मी धरून चाललो होतो. यात कुणाला काही खटकत असेल तर ते मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही, एवढंच म्हणतो.

अशात धाकट्या मेव्हण्याचं लग्न ठरलं. सासुरवाडी पाटोद्याची. सासरे आडतीचे व्यापारी, बोलणं मोजकं. त्यांनी नेहमीचा बँड सांगून ठेवला होता. मी जेवता जेवता म्हणालो, “मामंजी, बँड कशाला? डीजे मी बघतो. आवाज मी स्वतः तयार केलाय.” सासरे माणूस सरळ. त्यांनी बँड मोडला आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले, की आमच्या जावयानं घरी गाणं तयार केलंय, ते वरातीत वाजणार आहे.

परतीच्या गाडीत चौसाळा जवळ आलं तशी बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “तुमाला माहीत हाय ना, माझी चुलती काय म्हणती?”

माहीत होतं. चुलतीचा जावई अंबाजोगाईला कॉलेजात प्राध्यापक. बायको माहेरी गेली की चुलती सगळ्यांदेखत विचारायची, “तुजे मालक अजून वाट्यांवर नावंच घालत्यात का गं?” पंधरा वर्षं हा प्रश्न आणि पंधरा वर्षं बायकोचं त्यावरचं हसू.

“त्या दिवशी सगळी भावकी असनार,” ती म्हणाली. “वाजलं तर वाजलं. न्हाई वाजलं तर मी परत माहेरी कोनत्या तोंडानं जाऊ, ते आजच सांगा.”

“वाजनार,” मी म्हणालो. “तू ऐकलंस ना घरी?”

“ऐकलंय,” ती म्हणाली. “लई येळा ऐकलंय.”

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही जीपनं पाटोद्याला पोचलो. जीपमध्ये मागं अहेराची भांडी होती: दोन डझन ताटं, वाट्या, पेले, एक मोठी पितळी परात. सगळ्यांवर मी माझ्या हातानं नावं घातली होती आणि यावेळी दोनदा वाचूनही पाहिली होती. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघणार, आणि घोड्यापुढं टेम्पो. टेम्पोवर स्पीकरांची माझ्यापेक्षा उंच भिंत, खाली जनरेटर, आणि वर गळ्यात रुमाल बांधलेला ऑपरेटर. मी त्याच्या हातात सीडी दिली. दोन्ही हातांनी दिली, प्रसाद देतात तशी.

ऑपरेटरनं सीडी घातली. लोकांनी टेम्पोभोवती कडं केलं. पोरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

ऊंऽऽऽ.

एवढंच. ऊंऽऽऽ. थांबायचं, परत ऊंऽऽऽ. वर मी घातलेला हलगीचा ताल होता, तो लांबच्या गावात कुणी डबा वाजवतंय असा येत होता. झर्रर्र नाही, किनार नाही, काही नाही. स्पीकरांची ती भिंत कपाटासारखी उभी होती. एकानं तिला कान लावला आणि निकाल दिला, “जनरेटर झकास चाललंय.”

“गाणं कवा लावनार बे?” मागून कुणीतरी ओरडलं.

सासरे फेटा सावरत माझ्याजवळ आले. “जावईबापू, हे सुरू झालंय का व्हायचंय?”

“झालंय,” मी म्हणालो.

“हां,” ते म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घोड्यावरून मेव्हण्यानं मुंडावळ्या बाजूला करून हाक मारली, “दाजी, घोडं झोपाय लागलंय!”

मी टेम्पोवर चढलो. “वाढव आवाज.”

“शेवटापर्यंत नेलाय दाजी,” ऑपरेटर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. “ह्याच्यात नुसतं पोट हाय, तोंडच न्हाई. पोट कितीबी वाढिवलं तर बोलनार कुठनं? मी माझी सीडी लावू का?”

ते वाक्य मी पुढं आयुष्यभर जपलं. बेसविषयी मला जे कळायला हवं होतं ते सगळं त्यात होतं. पण त्या घडीला मला फक्त खाली बायकांच्या घोळक्यात उभी असलेली माझी बायको दिसत होती, आणि तिच्या शेजारी चुलती. चुलती मोठ्यानं म्हणाली, “काय गं, तुज्या मालकांनी फ्रिज वाजाय लावलाय का?” सगळ्या हसल्या. बायको यावेळी हसली नाही. इकडे ऑपरेटरचा हात दुसऱ्या सीडीकडे चालला होता. ती सीडी आत गेली की माझ्या बायकोला चुलतीचं आणखी पंधरा वर्षं ऐकायचं होतं.

“मारुतीपर्यंत दम धर,” मी त्याला म्हणालो. पुढं काय करायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

बायको घोळक्यातून निघाली. मला वाटलं जीपमध्ये बसून सरळ चौसाळ्याला चालली. ती जीपजवळ गेली खरी, मागचं फडकं ओढलं आणि पितळी परात काढून ती डोक्यावर धरून वाट काढत टेम्पोकडे आली.

“अवो,” ती खालून म्हणाली, “घरी असं न्हवतं वाजत. घरी आवाज भांड्यांचा यायचा.”

“काय?”

“तुमचं ते ऊं हुतं. झर्रर्र माझ्या मांडणीचं हुतं. महिनाभर ऐकलंय मी तिकडनं. धरा ही.”

तिनं परात वर दिली. मी ती मोठ्या स्पीकरच्या तोंडावर टेकवली.

धुम्म! झर्रर्र!

घोड्यानं कान उभे केले. मग काय विचारता! जीपमधली ताटं हातोहात वर आली. मांडणी लावणं हा माझा धंदाच. दुकानात लावतो तशी खाली मोठी ताटं, वर लहान, कडेला पेले, सुतळीनं स्पीकरांच्या जाळीला बांधली, पण सैल. घट्ट बांधलेलं भांडं वाजत नाही. मिनिटभरात त्या भिंतीला तोंड फुटलं. एक नाही, चोवीस. बेस खालून ढकलायचा आणि ताटं वरून ओरडायची. पोरांनी पहिली उडी मारली, मग थोरांनी. पितळी परात बांधायला मात्र सुतळी उरली नाही, म्हणून सासऱ्यांनी ती स्वतः टेम्पोच्या फळीवर उभं राहून दोन्ही हातांनी धरली. फेट्यातला तो गंभीर चेहरा, आणि खाली सगळं अंग धुम्मला थरथरतंय. मारुतीपर्यंत त्यांनी परात सोडली नाही. उतरल्यावर म्हणाले, “दात हालल्यागत वाटतंय,” आणि पाणी मागितलं.

ऑपरेटरनं त्याची सीडी शेवटपर्यंत लावली नाही. वर मला विचारलं, “दाजी, ताटं भाड्यानं देता का?”

चुलती नाचली का? नाचली. पदर खोचून, हातात माझा पेला आणि चमचा घेऊन. नाचता नाचता बायकोजवळ आली आणि श्वास घेत म्हणाली, “तुज्या मालकांच्या वाट्या लई गुनाच्या गं.” पंधरा वर्षांत पहिल्यांदा वाट्यांबद्दल बरा शब्द निघाला. बायकोनं नुसती मान हलवली. पण ती मान कशी हलवली ते मी टेम्पोवरून पाहिलं.

अहेरात नवरानवरीला शेवटी सतरा ताटं पोचली. बाकीची कुठं उडाली कुणास ठाऊक; पुढं कधी पाटोद्यात कुणाच्या घरी जेवायला बसलो की मी ताट उलटं करून नाव बघायचो. परातीला दोन पोचे पडले होते, म्हणून ती अहेरात न देता आम्ही परत नेली आणि दुकानातून दुसरी पाठवायचं ठरवलं.

संध्याकाळी जीपमध्ये बायको ती परात मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की परात हळूच झर्रर्र करायची आणि ती तळव्यानं तिला गप्प करायची. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, “पण बेस कसा झालता? खरं सांग.”

तिनं परातीवरच्या पोच्यावरून बोट फिरवलं.

“बरा हुता,” ती म्हणाली. “पुढल्या लग्नाला नुसती परात न्या.”