माळ्यावरचे खेळ

माझं लग्न जमत नव्हतं त्याचं खापर आई माझ्या पगारावर फोडत नसे की रंगावर. ती सरळ माळ्याकडे बोट दाखवायची. बदलापुरातल्या बेलवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये मोरीच्या वर एक माळा होता. त्यावर पाण्याची टाकी आणि टाकीला खेटून माझे खोके. खोक्यांत खेळ. ल्युडो किंवा सापशिडी असती तर तिला एवढी लाज वाटली नसती. पण माझे खेळ परदेशी होते आणि त्यांचे नियम वाचण्यातच एक रविवार जायचा.

हे खूळ डोक्यात शिरलं ते अंबरनाथच्या कंपनीत. नवीन मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. संध्याकाळी गेस्ट हाउसवर त्याला करमेना, म्हणून त्यानं आम्हा तिघांना धरून बसवलं आणि बॅगेतून एक खेळ काढला. एक बेट, त्यावर वस्ती करायची, रस्ते बांधायचे आणि शेजाऱ्याला मेंढ्या देऊन विटा घ्यायच्या. बदलापूरच्या वीटभट्ट्या बघतच मी मोठा झालो, पण विटेसाठी इतका जीव कधी टाकला नव्हता. बाकीचे दोघं दुसऱ्या दिवशी विसरले. मी मात्र कामातून गेलो. जाताना त्यानं तो खेळ मलाच देऊन टाकला.

मग उल्हासनगरात दोन नंबरच्या कॅम्पात एक सिंधी दुकानदार गाठला. त्याचे भाऊबंद दुबई-सिंगापूरहून परफ्यूम आणि कॅमेरे आणायचे. मी सायबर कॅफेतून खेळाच्या चित्राचा प्रिंटआउट काढून त्याच्यापुढे ठेवला.

"साईं, बच्चे कितने हैं आपके?" त्यानं कौतुकानं विचारलं. शादी नहीं हुई म्हटल्यावर त्यानं एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "तो पहले बीवी मंगाओ ना!"

पण खेळ आणून दिला. मग दुसरा, मग तिसरा. मी स्वतःला मोठा संग्राहक समजू लागलो. पत्त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं घातली, खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. खेळायला मात्र कुणी मिळेना. एकदा मित्रांना बोलावलं, तर नियम ऐकता ऐकता एक घोरायला लागला आणि दुसऱ्यानं खिशातून पत्ते काढून रमी मांडली. शेवटी मी एकटाच खेळू लागलो. चार बाजूंना चार जागा मांडायच्या आणि फिरून फिरून बसायचं. समोरच्या जागेवर बसलेला मी नेहमी मला विटा नाकारायचा आणि त्याचा मला मनापासून राग यायचा.

आईच्या बुद्धविहारातल्या मैत्रिणीनं अंबरनाथचं एक स्थळ आणलं. निघताना आईनं बजावलं, "आवड विचारली तर वाचन सांग. खोक्यांचं नाव काढलंस तर बघ." पोहे झाले, मोठ्यांनी आम्हाला बोलायला गॅलरीत पाठवलं. मुलीनं विचारलं, "तुम्हाला कशाची आवड?" मी म्हटलं, "वाचनाची."

ती हसली. "सगळे तेच सांगतात. मला तर वाचायचा कंटाळा येतो. सुट्टीत आम्ही भावंडं पत्ते कुटत बसतो. हरले की मी दिवसभर कुणाशी बोलत नाही."

मला ती तिथल्या तिथे आवडली. हरणं इतकं मनाला लावून घेणारं माणूस मी किती वर्षं शोधत होतो! खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची काकू चहा घेऊन आली. काकू गेल्यावर मी चहाचंच कौतुक करत राहिलो. घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात बेटावरची सगळ्यात चांगली जागा तिला देऊन टाकली होती.

पुढच्या रविवारी मुलीकडचे घर बघायला आले. आमच्याकडे घर बघायचं म्हणजे पाणी बघायचं. बारवी धरणाचं पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, साठवायची सोय काय, कारण उद्या ते आपल्या पोरीला भरायचं असतं. मुलीच्या मामानं नळ सोडून पाहिला, पिंप वाजवून पाहिलं आणि विचारलं, "वरची टाकी केवढी?" आई "मोठी आहे, मोठी आहे" म्हणेपर्यंत तो स्टुलावर चढला आणि त्यानं माळ्याचा पडदा सारला.

टाकी त्याला दिसलीच नसणार. समोर छतापर्यंत रंगीबेरंगी खोके, आणि प्रत्येकावर ठळक छापलेलं मुलांचं वय.

"घरात लहान कोण आहे?" त्यानं वरूनच विचारलं.

"कुणी नाही," आई म्हणाली. मग घाईघाईनं, "ते दुसऱ्यांचं आहे. ठेवायला दिलंय."

"कुणी?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीच्या शर्टात बसून फरशीकडे पाहिलं. मामा खाली उतरला. चहा अर्धा ठेवून मंडळी गेली.

दोन-तीन दिवसांनी आईची मैत्रीण आली ती दारातूनच बोलायला लागली. माझं एक लग्न आधी झालंय आणि मूल कुठेतरी लपवून ठेवलंय, असं मुलीकडच्यांना वाटलं होतं. जाता जाता त्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे चौकशी केली. काकूंनी माझी बाजू जीव तोडून मांडली होती. "अहो, कसलं मूल नि कसलं काय! पोरगा एकदम सरळ आहे. ती खेळणी त्याचीच. रविवारी एकटाच फिरून फिरून खेळतो. स्वतःशी भांडतो पण. आम्हाला खाली ऐकू येतं ना."

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय, नाही म्हणाले." मैत्रीण जायला वळली. "मूल असतं तर विचार केला असता म्हणाले."

हसण्यासारखंच होतं ते. पण मला रडू आलं. मोरीत जाऊन आवाज लपवायला नळ सोडला, तर त्या वेळी पाणी कुठलं यायला!

बाहेर आलो तेव्हा मैत्रीण गेली होती आणि आई स्टुलावर चढली होती. मला वाटलं, आज सगळं भंगारात जाणार. तिनं वरचा एक खोका ओढला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढे येऊन बसली. "दाखव. काय एवढं आहे यात, मला तरी कळू दे."

मी झाकण बघितलं. तीन ते चार खेळाडू. दुसरा खोका काढला. तीन ते पाच. एकेक करत सगळे खाली काढले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. आणि दोघांना खेळता येईल असा एकही खेळ मी आणलेला नव्हता. मागवताना दर वेळी मी भरलेलं घर धरून चाललो होतो.

"तीन माणसं लागतात," मी म्हटलं. "तिसऱ्याचं मी खेळतो. मला सवय आहे."

"नको. पुरे झालं ते." तिनं झाकण लावलं. मी खोके परत वर चढवायला उठलो, तर तिनं पहिला माझ्या हातातून काढून घेतला आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला, दारात पाय ठेवताच दिसेल असा.

"इथंच राहू दे," ती म्हणाली. "आता जी येईल ती हे बघून येईल."