खिडकीतला कप

दुपारी टीव्हीवर अंतराळयानाची एक विनोदी मालिका लागली होती. कसल्याशा यंत्रातल्या बिघाडानं यानातल्या प्रत्येकाची दोन माणसं झाली होती, एक निव्वळ चांगलं आणि एक निव्वळ वाईट. चांगली माणसं सगळ्यांना फुलं देत होती, वाईट माणसं चाकू परजत होती. माझी आठ वर्षांची सई खदखदून हसत होती. धुणंभांडी आटपून सुशीलामावशी दाराशी फरशीवर बसून बघत होत्या.

"मावशी, चेहरे सारखेच असले तर वाईट कोणतं ते कळणार कसं?" सईनं विचारलं.

"हातात काय हाय ते बघायचं," मावशी म्हणाल्या.

मी आत चहा गाळत होते. सईच्या दुधाचा आणि माझा असे दोन फुलाफुलांचे कप मांडून झाले होते आणि हात आपसूक खिडकीकडे गेला होता. तिथं मावशींचा वेगळा कप असतो, कान तुटलेला. नऊ वर्षं झाली. हात तिथंच थबकला. मालिकेतल्या वाईटांना निदान दात तरी विचकावे लागतात. मला कधी आवाजही चढवावा लागला नाही. दिवाळीला साडी देणारा आणि तापात गोळ्या देणारा हातही हाच.

मी कपाटातून तिसरा फुलाफुलांचा कप काढून भरला. ट्रे घेऊन वळले तर मावशी दारातच उभ्या. त्यांनी आधी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणी पाहुणं यायचंय व्हय?" असं म्हणत त्यांनी खिडकीतला आपला कप उचलला आणि माझ्यापुढे धरला.