दुसऱ्याच्या गोठ्यातली पेंढी

मी चौथी शिकलोय, शुद्धलेखन बघू नका. वहीत लिहिलंय, नात मोबाईलवर टाकून देणार आहे. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता. तीस वर्षं ऊस तोडला. जागा मिळेल तिथं उसाच्या पाचटाची कोपी घातली. एका गावात तर स्मशानाला लागून तीन महिने राहिलो. तिथं साप दिसले, कोल्हे दिसले, मुकादम दिसला... भूत दिसलं नाही.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. माझी मंडळी गया मागच्या दिवाळीनंतर गेली. छातीत दुखतंय म्हणाली, टेम्पो दारात येईपर्यंत संपली. त्यानंतर मी आठ महिने एकटा राहिलो. भाकरी मला येते. वाकडी येते, पण येते. पोरगा सुदाम कोल्हारला मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. फोन केला की एकच — "आण्णा, चला इकडं." मी न्हाई म्हणायचो. का, ते कुणाला सांगितलं नाही, इथं सांगतो. गया त्या घरात गेली. मी निघालो तर ती तिथं एकटी पडंल असं वाटायचं. विश्वास नव्हता म्हणतो आणि असंही वाटायचं... माणसाचं असंच असतं.

पावसाळ्यात न्हाणीत पाय घसरला. सुदाम आला, काही विचारलं नाही, घराला कुलूप लावलं आणि मला गाडीत घातलं.

कोल्हारला मनमाड रोडपासून आत, प्रवरेच्या अंगाला, त्याच्या भाड्याच्या खोल्या आहेत. मागं घरमालकाचा गोठा, मध्ये तारेची जाळी, पलीकडं त्याचं घर. घरमालक म्हणजे रंगनाथ नाना, माझ्याच वयाचा, बागायतदार. त्याची बायको माई जिवंत. हे मला पहिल्या दिवसापासून खुपलं, खोटं कशाला बोलू. दोघं दिवसभर भांडायची आणि मला खोलीत सगळं ऐकू यायचं.

"अहो, चहा गार झाला. कान हायेत का नुसती भोकं?"

"तू वरडतीस म्हणून बंद करून ठेवलेत."

मी भिंतीकडं तोंड करून पडायचो.

एक दिवस नाना जाळीपाशी आला. म्हणाला, "पाव्हणं, कशाला तरास घेता? बसा की आरामात."

"कसला तरास?"

"गवताच्या पेंढ्या बांधून ठेवता त्यो. आमचा गडी सकाळी कापून ढीग टाकून जातो. दुपारी बघावं तर समद्या बांधलेल्या. माई म्हनली, पाव्हण्याबिगर कोण हाय हितं मोकळं."

मी नाही, असं म्हणणारच होतो. तेवढ्यात त्याच्या हातातल्या पेंढीवर नजर गेली.

आता हे नीट सांगावं लागेल. ऊसतोडीत नवरा पुढं तोडत जातो, बायको मागं मोळ्या बांधत येते. आमच्या पहिल्याच हंगामात गयाच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धं गेलं. माझ्याच कोयत्यानं. चूक माझी होती. मग तिला सगळ्यांसारखा पिळा मारता येईना. ती डाव्या अंगाला दोन पिळे द्यायची आणि शेपूट वरून खाली खोचायची. बाकीच्या बाया हसायच्या, "गयाबाईची उलटी गाठ." तसली गाठ मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. मला स्वतःला जमत नाही.

नानाच्या हातातली गाठ तीच होती.

"व्हय, मीच बांधतो," मी म्हणालो. "हाताला चाळा लागतो."

खोटं बोललो. माझी बायको तुझ्या गोठ्यात राबायला येते, हे मी त्याला सांगू? त्याची म्हातारी जिवंत, आणि वर माझीही त्यालाच?

दुसऱ्या दिवसापासून दुपारी जाळीजवळ खुर्ची टाकून बसलो. मी बसलो की ढीग तसाच. जेवायला आत गेलो, हात धुवून आलो, की पेंढ्या ओळीनं लागलेल्या. गड्याला गाठलं.

"तू बांधतोस का रं?"

"मी? नाना म्हनत्यात तुमी बांधता. म्हाताऱ्या माणसानं चेष्टा करावी व्हय?"

मग त्याच्याकडून दोन कवळे, कवेत मावेल एवढं, गवत मागून माझ्याच दारात ठेवलं. सकाळी ठेवलं, संध्याकाळपर्यंत तसंच, वाळून चिपाड. सून म्हणाली, "आण्णा, दारात कचरा कशाला?" मी तिच्यावर खेकसलो. तिचा काय दोष...

राग गयावर होता. खोलीत कुणी नाही बघून बोललो तिला. म्हटलं, जन्मभर माझ्यामागं बांधलंस, आता बागायतदाराच्या दावणीला गेलीस? बोट तोडलं म्हणून का? तेव्हा एका शब्दानं बोलली नव्हतीस.

सुदामला सांगितलं, मला गावी सोड.

"तिकडं कोण हाय आता, आण्णा?"

तिकडं कुणी नाही, हे त्याच्या आधी मला कळलं होतं. आणि इथं आहे तर माझी नाही.

दोन दिवसांनी गडी बहिणीच्या गावाला गेला. गाई हंबरायला लागल्या. नानाचे गुडघे गेलेले, तो गोठ्यामागच्या गवताच्या बांधावर बसून पोरांना फोन लावत होता. मी जाळीला वळसा घालून गेलो आणि म्हणालो, "द्या इकडं कोयता."

"पाव्हणं, पडाल."

"पडलो तर उचला."

गवत पुरुषभर वाढलेलं. वाकलो आणि हात आपोआप चालायला लागला. तोडायचं, मागं टाकायचं, पुढं सरकायचं. तोडणारा मागं बघत नाही, बघितलं की हात चुकतो. मला ते एकदा भोवलंय. अर्धा वाफा झाला, छाती भरून आली, तेव्हा कंबर सरळ केली आणि वळलो.

मागं सगळं बांधलेलं. पार माझ्या टाचेपर्यंत. शेवटच्या पेंढीचा पिळा अजून ओला होता. डाव्या अंगाला दोन वेढे, शेपूट खाली.

मी तिथंच बसलो. नाना बांधावरून ओरडला, "हात लई चपळ की वो तुमचा. कापता कवा नि बांधता कवा?"

उठलो आणि उरलेला वाफा तोडायला घेतला. त्याच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

आता रोज सकाळी मीच कापतो, आणि मागं वळलो की पेंढ्या बांधलेल्या असतात. सून ओरडते, "आण्णा, या वयात?" सुदाम म्हणतो, कोल्हारची हवा मानवली. गडी परत आलाय, त्याला धारा काढायला ठेवलाय. माझ्या दारातलं गवत तिनं का बांधलं नाही, आणि त्या परक्या गड्यानं कापलेलं इतके दिवस का बांधलं, मला अजून कळलेलं नाही. विचारायची सोय नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उमगत असेल तर लिहा, पण मला वेड्यात काढू नका.

माझ्यापुरतं सांगतो. त्या वाफ्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा कोयता मी लागू देत नाही. नानाचाही नाही.